बेचाळीस मीटर आणि पुढे

किल्ली फिरवली की 'कट्' असा एकच आवाज येत होता, आणि गाडीच्या छतातला छोटा पिवळा दिवा मंद होत नव्हता. आवाजाकडे सगळ्यांचं लक्ष होतं. दिव्याकडे फक्त माझं होतं, कारण मी शेजारच्या सीटवर बसते आणि त्या सीटवरच्या माणसाला दुसरं काही काम नसतं.

आता दिवा मंद न होणं ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. गाडीचं इंजिन पहिल्यांदा फिरवायला एक छोटी मोटर असते, तिला स्टार्टर म्हणतात. ती फिरू लागताना बॅटरीतून इतकी वीज ओढते की बाकीचे दिवे क्षणभर मान खाली घालतात. बॅटरीच गेलेली असेल तर दिवे आधीपासूनच मलूल असतात. आमचा दिवा मात्र ताठ मानेने जळत होता. म्हणजे बॅटरी द्यायला तयार होती आणि स्टार्टर घ्यायला तयार नव्हता.

मला एवढंच सांगायचं होतं. पण तोवर आमचे हे खाली उतरून बॉनेट उघडून उभे राहिले होते, आणि बॉनेट उघडलं की आमच्या इमारतीत माणसं कुठून गोळा होतात हे मला अजून कळलेलं नाही. लिफ्ट बंद पडते तेव्हा यातलं कुणीही सापडत नाही.

पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर सर्वांत आधी आले. ते ब्रश तोंडात ठेवूनच आले होते, तो बाजूला काढून म्हणाले, "शंभर टक्के बॅटरी."

"दिवा मंद..." मी म्हणाले.

"वहिनी, शंभर टक्के," डॉक्टर म्हणाले आणि ब्रश परत तोंडात घातला.

सोसायटीचे सेक्रेटरी आले. कमिटीची फाइल बगलेत असल्याशिवाय त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. त्यांनी बॉनेटमध्ये बराच वेळ डोकावून, "इथे तेल सांडता कामा नये," एवढंच निदान केलं. मागोमाग दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ आले. हे भाऊ समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. थोरला म्हणाला, बॅटरी. धाकटा हवेकडे बघून म्हणाला, "काही लोकांना सगळीकडे बॅटरीच दिसते." पण त्याचंही मत बॅटरीच होतं, आणि यांचंही.

चार विरुद्ध एक. विज्ञानात मतदान नसतं, पण आमच्या पार्किंगमध्ये असतं.

"ढकलून सुरू करू," हे म्हणाले. "मी मागून जोर लावतो. तू बस आत."

"मी?"

"अगं, मी मागे असल्यावर आत कोण बसणार?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. माझ्याकडे नऊ वर्षांपासून लायसन्स आहे. ते मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यात हे शेजारी बसून "हळू... हळू... अगं ब्रेक!" असं म्हणत होते आणि त्यांच्या बाजूला ब्रेक नसतानाही पायाने जमीन दाबत होते. त्यानंतर गाडी हे चालवू लागले. असं कुणी ठरवलं नाही. आमच्या घरात बरीचशी कामं कुणी न ठरवताच ठरतात.

तर मी आत बसले. किल्ली फिरवून ठेवली, क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला. सेक्रेटरींनी आकडे मोजले. यांनी आणि त्या चौघांनी ढकललं. सेक्रेटरींनी एका हाताने, कारण दुसऱ्या हातात फाइल होती. गाडीने जरा वेग घेतल्यावर मी क्लच सोडला, गाडीने एक गचका दिला, आणि इंजिन सुरू झालं.

गेटपाशी मी थांबले. उतरले आणि फिरून शेजारच्या सीटवर येऊन बसले. हे धापा टाकत आले, स्टिअरिंगवर बसले, आणि आम्ही कामाला गेलो. हे वाटेत मला माझ्या प्रयोगशाळेपाशी सोडतात. जाताना मी हिशेब केला. पार्किंगपासून गेटपर्यंत माझी सत्तर पावलं होतात आणि माझं पाऊल साठ सेंटिमीटरचं आहे. म्हणजे मी बेचाळीस मीटर गाडी चालवली होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी यांनी नवी बॅटरी बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी गाडी किल्लीसरशी सुरू झाली. यांनी सोसायटीच्या ग्रुपवर बॅटरीचा फोटो टाकून सर्वांचे आभार मानले. डॉक्टरांनी अंगठा पाठवला. मला मात्र ठाऊक होतं की झिजलेली मोटर एखाद्या दिवशी चांगल्या जागी थांबते आणि दुसऱ्या दिवशी नाही. योगायोगाला उपाय समजण्याची चूक आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेली मुलंही पहिल्याच महिन्यात सोडून देतात. पण माणूस इतका खुशीत असताना त्याला हे सांगणं बरं दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी, 'कट्'.

त्या संध्याकाळी हे अंघोळीला गेले असताना मी व्होल्टमीटर घेऊन खाली गेले. बॅटरीवर बारा पॉइंट सहा व्होल्ट होते. मग मीटरच्या तारा बॅटरीला चिमट्यांनी जोडून आत बसले आणि किल्ली फिरवली, तर बारा पॉइंट पाच. म्हणजे मोटरने वीज जवळजवळ घेतलीच नव्हती. मी वही काढली. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला वही घालणं हा माझा स्वभाव झाला आहे. तारीख, तापमान, व्होल्ट, 'कट्'ची संख्या, दिवा मंद की नाही असे रकाने आखले आणि शेवटच्या रकान्यात निष्कर्ष लिहिला: स्टार्टर मोटर.

जेवताना सांगायचं ठरवलं होतं. पण पहिला घास घेताघेताच हे म्हणाले, "उद्या सकाळी पुन्हा ढकलावी लागणार. तू बसशील ना आत?"

"बसेन," मी म्हणाले.

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते मी वरणाबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेचाळीस मीटर झाल्यावर मी वही उघडली आणि 'स्टार्टर मोटर' या शब्दांवर रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'आणखी रीडिंग हवीत.'

विज्ञानात या कृत्याला फार वाईट नाव आहे. ते इथे लिहीत नाही.

आता माझ्या पर्समधल्या एका कागदाबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी उगाच वाईट दिसेन. गावाबाहेर चौदा किलोमीटरवर तलाव आहे, त्याच्या काठावर आमच्या खात्याने नवीन प्रयोगशाळा बांधली. तिथे प्रमुख म्हणून जाणार का, असं मला आमच्या विभागप्रमुख बाईंनी विचारलं होतं. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की तिथल्या खिडक्यांचं तोंड कुठल्या दिशेला आहे हेही मी नकाशावर पाहून ठेवलं होतं. पण तिकडे बस जात नाही, आणि फॉर्मवर सातवा प्रश्न होता: स्वतःच्या वाहनाने येणार का? होय किंवा नाही. दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत उत्तर देणारी मी, त्या चौकोनासमोर पेन धरून बसत होते. बाई रोज जिन्यात भेटून विचारायच्या, "काय मग?" मी म्हणायची, "सांगते." त्यांनी मला महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत मुदत दिली होती.

इकडे गाडीचे उपचार जोरात होते. नवी बॅटरी बसवूनही गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर डॉक्टर खचले नाहीत. "मग टर्मिनलवर कीट चढलंय. गरम पाण्याने धुवा." धुतलं. धाकटा भाऊ म्हणाला, पेट्रोलमध्ये कचरा आहे. कचरा साफ करणाऱ्या औषधाची एक बाटली आणून टाकीत ओतली. थोरला म्हणाला, "काही लोकांना सगळीकडे कचराच दिसतो. कुलूप खराब आहे." किल्लीचं कुलूप बदललं. दर उपचारानंतर दोनतीन दिवस वाट बघायची, त्यात एखाद्या दिवशी गाडी आपण होऊन सुरू व्हायची, आणि ज्याचा उपचार त्याने छाती पुढे काढून फिरायचं. गल्लीच्या टोकाला एक गॅरेज आहे, पण तिथल्या मेकॅनिकने यांना फोनवर सांगितलं होतं, "साहेब, रांग आहे. महिनाअखेरीच्या शनिवारी आणा."

सेक्रेटरींनी नवव्या दिवशी नोटीस लावली. आवारात वाहन ढकलण्यासाठी कमिटीची पूर्वपरवानगी आवश्यक आहे, अर्जात कारण, वेळ, अंदाजे अंतर आणि ढकलणाऱ्यांची नावं द्यावीत. यांचा पारा चढला.

"अहो, तुम्ही स्वतःच ढकलता ना!"

"मी सभासद म्हणून ढकलतो," सेक्रेटरी म्हणाले. "नोटीस सेक्रेटरी म्हणून लावली आहे."

अर्ज मी लिहिला. अंतराच्या जागी 'बेचाळीस मीटर' लिहिलं. तोवर ते अंतर खरं राहिलं नव्हतं.

झालं असं की आठव्या दिवशी गेटपाशी थांबायच्या ऐवजी मी बाहेर पडले आणि पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आले. यांनी विचारलं तर मी म्हणाले, "इंजिन जरा तापायला नको का? लगेच बंद पडलं तर पुन्हा ढकलावी लागेल." हे खरं होतं. निदान खोटं नव्हतं. अकराव्या दिवशी मी आमच्या गल्ल्यांच्या चौकोनाला पूर्ण फेरी मारली. चौदाव्या दिवशी बस डेपोपर्यंत गेले आणि तिथे समोरून बस आली, तेव्हा मी ब्रेक दाबला नाही. शांतपणे डावीकडे झाले आणि बस गेली. इतकं साधं काम होतं ते. मी वहीत 'अंतर' असा नवा रकाना आखला, कारण मोजलेली गोष्ट न लिहिणं मला जमत नाही. बेचाळीस, बेचाळीस, एकशेदहा, सहाशेचाळीस, चौदाशे, तीन हजार दोनशे. आलेख काढला असता तर रेघ छान वर गेलेली दिसली असती. मी काढला नाही. बरं, काढला, पण चिकटवला नाही.

या काळात बाकीच्यांचं काही वाईट चाललं होतं असं मात्र समजू नका. सव्वाआठ वाजले की माणसं बोलावल्याशिवाय खाली यायची. यांचा पट्टा एका भोकाने आत गेला. डॉक्टर तोंड धुऊन येऊ लागले. दोघा भावांना जागा वाटून दिलेली होती, डावा कोपरा थोरल्याचा आणि उजवा धाकट्याचा, पण गाडी लहान असल्यामुळे त्यांचे खांदे लागायचे. वर गॅलरीत सासूबाई खुर्ची टाकून बसायच्या. त्यांच्या मांडीवर निवडायची भाजी असायची आणि तिला त्या वेळात हात लागलेला मी पाहिला नाही.

शेवटी तो शनिवार आला. आम्ही गाडी गॅरेजमध्ये नेली, म्हणजे गाडी तिथवर ढकलतच नेली. मेकॅनिक हा बारीक, शांत माणूस होता. त्याने यांना किल्ली फिरवायला सांगितली. 'कट्'. त्याने पाना घेतला, वाकून खाली कुठेतरी दोनदा हलकेच ठोकलं आणि म्हणाला, "आता फिरवा."

गाडी सुरू झाली.

"स्टार्टर," तो म्हणाला. "आतले कार्बन झिजून संपलेत. कितीही ठोकला तरी आता नवाच लागेल."

सगळ्याला दीड मिनिट लागलं. यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि मग संताप. "स्टार्टर! आणि आमच्या इमारतीत चार शहाणे आहेत, एकाच्या तोंडून हा शब्द निघाला नाही!"

"कधीपासून होतंय असं?" मेकॅनिकने विचारलं.

"थांबा, आमच्या हिने सगळं लिहून ठेवलंय," हे अभिमानाने म्हणाले. "सायंटिस्ट आहे ती." आणि मी काही म्हणायच्या आत माझ्या हातातली पिशवी घेऊन त्यातून वही काढली.

इथे आमच्या व्यवसायाचा एक नियम सांगणं भाग आहे. प्रयोगाच्या वहीत खोडरबर चालत नाही. लिहिलेलं गिरवून काळंही करायचं नाही. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करून तारीख घालायची. म्हणजे नंतर कुणी तपासायला आलं तर आधी काय लिहिलं होतं ते त्याला कळावं. मी वीस वर्षं हा नियम पाळते आहे. नव्या मुलांना मी तो शिकवते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या लबाडीच्या वहीतही तो पाळायची काही गरज नव्हती, हे मला त्या क्षणी सुचलं.

"दिनांक... व्होल्ट... दिवा मंद नाही..." हे मोठ्याने वाचत होते. मग थांबले. वही डोळ्यांजवळ नेली. "निष्कर्ष. स्टार्टर मोटर." पुन्हा थांबले. "अगं, ही सही तुझी आहे."

"हो."

"नोंदीची तारीख चार."

"हो."

"आज चोवीस आहे."

वजाबाकी त्यांनी मोठ्याने केली नाही. गॅरेजमध्ये कुठेतरी नळ गळत होता, त्याचे थेंब मी मोजले. सात.

"वीस दिवस," शेवटी हे म्हणाले. "मी वीस दिवस ढकलतोय. ऑफिसला रोज घामाने ओला होऊन जातोय. कुलूप बदललं मी, कुलूप! आणि तुला..."

"ताई," मेकॅनिक मधेच म्हणाला. तो त्यांच्या खांद्यावरून वहीत बघत होता. "हा अंतराचा रकाना कशाला? स्टार्टरला अंतर नसतं."

मी वही परत पिशवीत घातली. कान तापले होते, ते कितीने तापले हे मोजायला हाताशी काही नव्हतं.

त्यानंतर यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. अबोला धरणं ही तशी घरात करायची गोष्ट आहे, पण आम्हाला स्टार्टर आणायला बरोबरच जायचं होतं. मेकॅनिक म्हणाला, "नवा आणा, मग जुना काढतो. नाहीतर उघडी गाडी इथे जागा अडवून बसेल." आम्ही रिक्षाने सुट्या भागांच्या दुकानात गेलो. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "जुना दाखवा, मग नवा देतो. नाहीतर न बसणारा नेता आणि परत घेऊन येता." आम्ही गॅरेजमध्ये परत आलो. मेकॅनिक म्हणाला, नवा आणा. यांनी त्याला दुकानाचा फोन जोडून दिला. दोघांनी एकमेकांना फोनवर तीच वाक्यं ऐकवली आणि दोघांचंही समाधान झालं, पण स्टार्टर हलला नाही.

शेवटी मी मेकॅनिकला म्हटलं, "बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, मग तीन बोल्ट. वीस मिनिटांचं काम. मग जागा अडत असेल तर मी गाडी स्वतः ढकलून बाहेर लावते."

"ढकलायची सवय हिला नाही," हे मेकॅनिकला म्हणाले. "हिला बसायची सवय आहे."

मेकॅनिकला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या भरात त्याने जुना स्टार्टर काढून दिला. तो दोन हातांत मावेल एवढा, काळा आणि भलताच जड होता. वर्तमानपत्रात गुंडाळून मी तो रिक्षात मांडीवर घेऊन बसले. हे बाहेर बघत होते.

काउंटरवरच्या गृहस्थांनी जुना बघितला, आत गेले आणि नवा घेऊन आले. दिसायला जुळा भाऊ. यांनी पिशवी पुढे केली.

"थांबा," मी म्हणाले. स्टार्टरच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, ते इंजिनच्या मोठ्या चाकात अडकतं. जुन्याला दहा दात होते. नव्याचे मी तीनदा मोजले. "याला नऊ आहेत."

"एका दाताने काय होतंय बाई?"

"आमच्या पहिल्या मजल्यावर एक डॉक्टर आहेत, त्यांना विचारून सांगू का?"

गृहस्थ हिरमुसून आत गेले. हे काउंटरवरच्या घंटीकडे बघत म्हणाले, "तिला विचारा, घरी गेल्यावर माझे मोजणार का." अबोल्यात मला विचारलेलं हे पहिलं वाक्य होतं. मला ते चांगलं लक्षण वाटलं, पण एका रीडिंगवरून निष्कर्ष काढायचा नसतो.

दहा दातांचा स्टार्टर संध्याकाळपर्यंत बसला. घरी आल्यावर हे सरळ आतल्या खोलीत गेले.

रविवारी दुपारी सासूबाईंनी मला गॅलरीत बोलावलं. खाली आमची गाडी धुऊन पुसून उभी होती.

"काय गं, बरी झाली म्हणे."

"हो, आई."

"वाईट झालं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या शेंगा सोलत होत्या. "पहिल्या दिवशी तू गेटपाशी थांबलीस. मग टाकीपर्यंत जायला लागलीस. परवा कोपऱ्यावरून वळलीस ती बारा मिनिटं दिसली नाहीस. हा खाली येरझाऱ्या घालत होता. मी नव्हते घाबरले. आत तू होतीस, हा नव्हता."

"आई, मी त्यांना फसवलं."

"फसवलंस खरं. त्याचं पोटही कमी झालं, ते जाऊ दे." शेंग कट्‌कन मोडली. "आणि तो कागद कसला? चष्म्याची डबी शोधायला तुझी पर्स उघडली तर रोज तो आहे तिथेच. घडीवर घडी घालून चिंधी झालीय त्याची."

मी त्यांना सगळं सांगितलं. तलाव, खिडक्या, सातवा प्रश्न आणि उद्याचा सोमवार. त्यांनी ऐकून घेतलं.

"मग त्याला सांगितलंस?"

"व्यवस्थित लिहून ठेवते. बाजूचे आणि विरुद्धचे मुद्दे. त्यांना दाखवते."

"नको." सासूबाई पहिल्यांदाच जरा जोरात बोलल्या. "तू लिहितेस फार. तुझं लिहिलेलं त्याने काल वाचलं ना, काय झालं? तोंडाने बोल. नऊ वर्षं तो समजतोय की तुला गाडी नको आहे. तू कधी म्हणालीस का त्याला की हवी आहे?"

मी आठवून पाहिलं. त्यांनी 'हळू' म्हटल्यावर मी हळू केलं होतं, 'ब्रेक' म्हटल्यावर ब्रेक दाबला होता, आणि एक दिवस शेजारच्या सीटवर जाऊन बसले होते. म्हणाले मात्र काहीच नव्हते. नोंद शून्य.

सोमवारी सव्वाआठला आम्ही खाली आलो, तर चौघं हजर. परवानगी काल संपली होती आणि गाडी बरी झाल्याचं ग्रुपवर सगळ्यांना कळलंही होतं. तरी डॉक्टर बाह्या सरसावून उभे होते. सेक्रेटरी म्हणाले, "वापरली नाही तरी मुदत वाढवून ठेवली आहे. पंधरा दिवस." भाऊ आपापल्या कोपऱ्यात, डिकीवर हात टेकून.

"अहो, आता गरज नाही," हे म्हणाले.

"असू दे हो," डॉक्टर म्हणाले. "शंभर टक्के कशाचंच सांगता येत नाही."

हे स्टिअरिंगवर बसले. मी शेजारी. पर्स मांडीवर. हे माझ्याशी अजून पुरतं बोलत नव्हते, पण सकाळी माझा चष्मा पुसून ठेवलेला मला दिसला होता. त्यांनी किल्ली फिरवली.

छतातला पिवळा दिवा क्षणभर मंद झाला, अगदी जेवढा व्हायला हवा तेवढा, आणि इंजिन सुरू झालं.

बाहेर टाळ्या वाजल्या. जरा उदास टाळ्या होत्या त्या. डिकीवरचे हात निघाले. धाकटा भाऊ थोरल्याकडे बघून म्हणाला, "मग आता उद्यापासून?" चार वर्षांतलं ते पहिलं वाक्य असावं, आणि थोरल्याने हवेकडे न बघता उत्तर दिलं, "फिरायला जाऊ की. सव्वाआठला."

यांनी पहिला गिअर टाकला. गाडी हलली. दहा मीटर, वीस मीटर. मी खिडकीतून बघत होते, तसं सगळं सरकत गेलं, झाडाची कुंडी, सायकल स्टँड. वर गॅलरीत सासूबाई उभ्या होत्या. बसलेल्या नव्हत्या, उभ्या होत्या. चाळीस मीटर. गेट आलं.

"थांबा," मी म्हणाले.

यांनी ब्रेक दाबला. "काय विसरलीस?"

मी उतरले. गाडीला पुढून वळसा घालून त्यांच्या दाराशी गेले. काच खाली आली. मागे चौघं कान टवकारून उभे होते, आणि सेक्रेटरींनी फाइल उघडली होती, न जाणो काही नोंदवावं लागलं तर. माझा आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा निघाला. वर गॅलरीपर्यंत गेला असेल.

"अहो, उतरा. तलावावरची प्रमुखाची जागा मी घेतेय, आणि आजपासून गाडी मी चालवणार आहे."